सोयर पाळा, विटाळ नको



आपल्या या गटात बाळंतिणीच्या खोलीच्या आठवणी अधूनमधून येतात. शेगडी, वेखंडाचा वास, डिंकाचे आणि आळिवाचे लाडू, पाचवीचा पाटा-वरवंटा, सहाव्या रात्रीचं जागरण. वाचायला मलाही बरं वाटतं. खाली प्रतिक्रिया असतात, "काय दिवस होते ते!" दिवस चांगले होतेच. पण त्या खोलीचा हिशेब आपण अर्धाच मांडतो असं मला वाटतं. त्याच खोलीत जी बाळं गेली त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. ज्यांच्या घरी येत्या वर्षात बाळंतपण आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जुन्या पद्धतीतलं जे खरोखर कामाचं होतं ते आपण बेळगावकरांनी सोडून दिलं आणि जे घातक होतं ते मात्र जपून ठेवलं. कामाचं म्हणजे सोयर, दहा दिवस बाळ-बाळंतिणीला बाहेरच्या माणसांपासून लांब ठेवणं. घातक म्हणजे "सटवीनं लिहिलं तेवढंच" ही समजूत, आणि त्या समजुतीमुळं होणारा उशीर.

माझ्या आजीला कुणी विचारलं, मुलं किती, तर ती पाच सांगायची. फारच खोदून विचारलं तर म्हणायची, "गेलेली धरून नऊ." शहापूरच्या आमच्या जुन्या घरात ही नऊही बाळंतपणं झाली. त्यातलं एक बाळ आठव्या दिवशी गेलं. आजी सांगायची ते असं, की सहा दिवस चांगलं पीत होतं, मग तोंड उघडेना, जबडा आवळला, आवाज झाला की अंग धनुष्यासारखं ताठ व्हायचं. घरात सगळे म्हणाले, सटवी लागली. अंगारा झाला, दृष्ट काढून झाली. तिसऱ्या दिवशी संपलं.

आज हे वाचून कुणीही सांगेल की तो धनुर्वात होता. याचे जंतू मातीत, शेणात असतात. नाळ विळ्यानं कापायची आणि बेंबीवर राख नाहीतर शेणीची राख लावायची ही तेव्हाची रीत. जंतू तिथूनच आत जायचे. आत गेल्यावर विष तयार व्हायला काही दिवस लागतात, त्यामुळं हा आजार साधारण तिसऱ्या दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत दिसतो. पाचवी-सहावीच्या रात्रीची आपल्या बायकांना एवढी भीती का वाटायची, याचं उत्तर मला तरी यातच दिसतं. त्यांचं निरीक्षण खरं होतं. त्याच दिवसांत बाळं जायची. कारण मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांनी ते सटवीच्या नावावर टाकलं.

पुढं काय झालं बघा. गरोदर बायकांना धनुर्वाताची सुई मिळू लागली, नाळ कापायला नवं ब्लेड आलं, बायका दवाखान्यात बाळंत होऊ लागल्या. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली २६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २०१९-२१ च्या पाहणीत तो आकडा ८९ टक्क्यांच्या जवळ गेला. २०१५ साली भारतातून माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं. हटला याचा अर्थ, प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी बाळाला होतो. सटवीचं लिहिणं एका सुईनं आणि एका स्वच्छ ब्लेडनं पुसलं. कुठली देवी कोपली नाही. पाचवी आजही होते, पाटा-वरवंट्याची पूजाही होते.

धनुर्वात गेला, पण त्याचे भाऊबंद अजून आहेत. रक्तात जंतू पसरतात त्याला डॉक्टर सेप्सिस म्हणतात. त्याच्या जोडीला न्यूमोनिया आणि मेंदूच्या आवरणाला होणारा जंतुसंसर्ग. काही बाळांना जन्माच्या वेळीच आईकडून संसर्ग होतो आणि पहिल्या तीन दिवसांत दिसतो. काहींना नंतर होतो, आजूबाजूच्या माणसांच्या हातांतून, भांड्यांतून, कपड्यांतून. मोठ्या माणसाचं शरीर जंतूंना एका जागी अडवून धरू शकतं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला ते जमत नाही. सकाळी बरं दिसणारं बाळ संध्याकाळपर्यंत हाताबाहेर जाऊ शकतं ते यामुळं.

यात सगळ्यात फसवी गोष्ट अशी, की बाळ आरडाओरडा करत नाही. आपल्याला ताप आला तर आपण कण्हतो, कुडकुडतो. बाळ उलट गप्प होतं. जास्त झोपतं, दूध ओढत नाही, हातपाय कमी हलवतं. अंग तापण्याऐवजी गारही पडू शकतं. आणि आपल्या घरांत गप्प बाळाचं कौतुक असतं!

आमच्या नात्यातल्या एका घरात हेच घडलं. मुलीचं पहिलं बाळंतपण, म्हणून ती माहेरी बेळगावला आलेली. सासर महाराष्ट्रात. बाळाचं वजन चांगलं, सगळं व्यवस्थित. दहाव्या दिवशी सकाळी ती पोरगी म्हणाली, "आज बाळ नीट ओढंना झालंय." घरात बारशाची गडबड. हॉल घेतलेला, आचारी सांगितलेला, व्याही मंडळी यायची होती. कुणीतरी म्हणालं, "गुणाचं बाळ आहे, झोपू दे की." कपाळाला हात लावून बघितला, ताप नव्हता, म्हणजे सगळं ठीक. रात्री पाय गार लागले म्हणून दोन मोजे चढवले आणि आणखी एक दुपटं गुंडाळलं. सासरी फोन झाला. तिकडून उत्तर आलं, बारसं होऊ दे, मग आम्ही आल्यावर मिळून दाखवू. बाराव्या दिवशी दुपारी पाळण्यात घालताना बाळाचे ओठ निळसर दिसले. तिथून उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दोन दिवस झुंज दिली. नाही वाचलं.

मी भेटायला गेलो तेव्हा एक वयस्कर बाई मुलीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "सटवीनं लिवलं तेवढंच, बाळा." त्यांना धीरच द्यायचा होता. खोलीतल्या सगळ्यांनी माना हलवल्या. ती मुलगी मात्र कुणाकडं बघत नव्हती. तिनं दहाव्या दिवशीच सांगितलं होतं. घरातल्या सगळ्यांत तीच बरोबर होती, आणि तिचंच कुणी ऐकलं नव्हतं. आता वर तिला हेही ऐकायचं होतं, की ऐकलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण कपाळावर तेवढंच होतं.

हे वाक्य मला पटत नाही. दुःखाच्या घरात वाद घालायचा नसतो म्हणून मी तिथं बोललो नाही, पण इथं बोलतो. या वाक्यानं मेलेल्या बाळाचं काही होत नाही, पुढच्या बाळाचं मात्र नुकसान होतं. कारण नशीब म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही. दूध कधी तोडलं? किती तास वाट बघितली? कुणी थांबवलं? हे प्रश्नच संपतात.

आनंदीबाई जोशी आपल्या सगळ्यांना शाळेपासून माहीत. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांचा होऊन गेला. त्या काळात त्यांना सटवीचं लिहिणं सांगणारे काय कमी असतील? त्या तिथं थांबल्या नाहीत. अमेरिकेत जाऊन १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात त्यांची नेमणूक झाली होती, म्हणजे आपल्या शेजारीच की. तिथं काम सुरू होण्याआधी २१ व्या वर्षी त्या गेल्या. बाळ दहा दिवसांत का जातं, हा प्रश्न आपल्या समाजात एका बाईनं त्या काळी विचारला होता. सव्वाशेहून जास्त वर्षांनी आपण पुन्हा सटवीवर येऊन थांबायचं काय?

आता दुसरी बाजू, म्हणजे लवकर ओळखलं तर काय होतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत केलेलं काम ऐकलं असेल. ३९ गावांत त्यांनी गावातल्याच, थोड्या शिकलेल्या बायकांना तयार केलं. त्या घरी जाऊन बाळ बघायच्या, वजन घ्यायच्या, श्वास मोजायच्या आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली व आईवडील दवाखान्यात न्यायला तयार नसले, तर मोजून दिलेलं जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडातून औषध द्यायच्या. ४७ गावं तुलनेसाठी होती. हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. तिसऱ्या वर्षी या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी होते. सेप्सिस झालेल्या शंभर बाळांमागे आधी साधारण १७ जात होती, उपचार सुरू झाल्यावर ३ च्या आसपास.

मी कॉमर्सचा माणूस, वैद्यकातलं मला विशेष कळत नाही. पण आकडे कळतात. सतरावरून तीनवर जे येतं, ते कपाळावर लिहिलेलं नव्हतं.

आणि यातून आणखी एक कळतं. हे ओळखायला फार मोठी पदवी लागत नाही. गडचिरोलीतल्या बायका बघून ओळखू शकल्या, तर आपल्या घरातली आजी का नाही ओळखणार? फरक इतकाच की औषध आपण घरात द्यायचं नाही. त्या बायकांना शिक्षण दिलेलं होतं आणि जवळ दवाखाना नव्हता. आपल्याला वडगाव काय, अनगोळ काय, अर्ध्या तासात डॉक्टर गाठता येतो. मेडिकलमधून थोरल्या भावंडाचं उरलेलं सिरप आणून चमच्यानं पाजणं हा उपचार नव्हे. त्यानं लक्षणं झाकली जातात आणि वेळ जातो.

कुणी म्हणेल, आईला आधीच एखादी गोळी देऊन बाळाचा संसर्ग टाळता येत नाही का? याचा अभ्यास आपल्या बेळगावात झालाय, हे कितीजणांना माहीत आहे? आपल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी, नागपूरच्या आणि आफ्रिका, आशिया, ग्वाटेमालातल्या संशोधकांबरोबर, २९ हजारांहून जास्त बायकांवर हे तपासलं. बाळंतपणाच्या कळा सुरू असताना ॲझिथ्रोमायसिनचा एकच डोस. निकाल २०२३ मध्ये आला. आईला फायदा झाला. सेप्सिस किंवा मृत्यूचं प्रमाण २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. बाळांच्या बाबतीत मात्र काही फरक पडला नाही. म्हणजे बाळासाठी एका गोळीचा सोपा रस्ता यातून मिळाला नाही. हात धुणं, आईचं दूध आणि लक्ष ठेवणं, हे रोजचं काम करावंच लागतं.

आता सोयराकडं येतो.

पूर्वी दहा दिवस बाळंतिणीच्या खोलीत कुणी जात नसे. ठरलेली एक बाई, आणि तीही हातपाय धुऊन. बाळ आईजवळच. कारण विटाळ, असं सांगायचे. कारण चुकीचं होतं, पण दहा दिवस परक्या हातांपासून बाळ लांब राहायचं, हा फायदा खराच होता. आज आपण पुढारलो म्हणून सोयर सोडलं. आणि काय करतो? बाळ जन्मून दोन तास झाले नाहीत तोवर वॉर्डात पंधरा माणसं. बसमधून उतरलेली, दुचाकीवरून आलेली, हातात मोबाईल. बाळ या हातातून त्या हातात. कुणी गालाचा मुका घेतं, कुणी बोट तोंडात देतं, कुणी सेल्फी काढतं. सर्दी झालेली आत्यासुद्धा "लांबूनच बघते" म्हणत जवळ येते.

दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांतल्या नवजात बाळांचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सेप्सिसमध्ये सगळ्यात जास्त सापडलेला जंतू ॲसिनेटोबॅक्टर, शंभरात २२ वेळा. त्यातल्या ८२ टक्के जंतूंवर बऱ्याच प्रकारची प्रतिजैविकं चालतच नव्हती. हा जंतू रुग्णालयाच्या वातावरणात, पृष्ठभागांवर टिकून राहतो आणि हातांवरून फिरतो. तेव्हा भेटायला गेलेला माणूस हात न धुता बाळाला उचलतो तेव्हा तो काय देऊन येतो, याचा विचार करा. औषधच चालत नाही अशा जंतूशी सात दिवसांच्या बाळानं कसं लढायचं?

म्हणून माझं म्हणणं, सोयर परत आणा. दहाच काय, महिनाभर पाळा. पण विटाळ नको. जुन्या सोयरात वाईट गोष्टी पुष्कळ होत्या आणि त्या आपल्या आया-आज्यांनी भोगल्या. अंधारी कोंदट खोली, शेगडीचा धूर, बाळंतिणीला पाणी कमी, तिच्या ताटाला हात लावायचा नाही, तिला अस्पृश्यासारखी वागणूक. ते सगळं टाकून द्या. खोलीत उजेड येऊ द्या, वारा येऊ द्या. धूर तर मुळीच नको, बाळाचं फुप्फुस ते. दाराशी साबण आणि पाणी ठेवा आणि सांगा, कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय कुणी बाळाला हात लावणार नाही, मग तो आजोबा असो की मंत्री. सर्दी-खोकला असलेला माणूस आत येणार नाही. वाईट वाटलं तर वाटू दे. करोनात आपण हेच आठवडाभरात शिकलो होतो की नाही?

बाळ आईजवळच ठेवायचं, हेही जुन्या लोकांचं बरोबर होतं. कमी वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवलं तर मृत्यू २५ टक्क्यांनी कमी होतात, असं २०२१ च्या एका अभ्यासात दिसलं. त्यात भारतातलंही रुग्णालय होतं. संसर्गाचं प्रमाणही कमी झालं.

आता जे सोडायचं ते. बेंबीवर काही लावायचं नाही. तेल नको, हळद नको, राख नको, पावडर नको. कोरडी ठेवायची, आपोआप पडते. पहिलं घट्ट पिवळसर दूध, ज्याला आपण चीक म्हणतो, ते पिळून टाकायचं नाही. त्यात जंतूंशी लढणारे घटक असतात. २०१९-२१ च्या पाहणीप्रमाणं देशात तासाभरात आईचं दूध मिळणारी बाळं ४२ टक्केच आहेत, दवाखान्यात बाळंतपणं होऊनसुद्धा. मध चाटवायचा नाही. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात, वर्षाखालच्या बाळाच्या पोटात ते वाढून विष तयार करतात. सहा महिन्यांपर्यंत घुटी नको. ज्या सहाणेवर ती उगाळतो ती आणि ज्या पाण्यात कालवतो ते किती स्वच्छ आहे, हे आपण बघतो काय? हे लिहिताना मला माहीत आहे की निम्म्या आज्या माझ्यावर रागावणार. रागवा, पण ऐका.

जागतिक आरोग्य संघटनेनं दोन महिन्यांपर्यंतच्या बाळासाठी धोक्याची सात लक्षणं सांगितली आहेत. ती साध्या मराठीत लिहितो.

१. बाळ दूध ओढत नाही, किंवा नेहमीसारखं पीत नाही.
२. झटके येतात.
३. श्वास जोरात चालतो. शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजायचा, ६० किंवा जास्त असेल तर धोका.
४. श्वास घेताना बरगड्यांच्या खाली छाती खोल आत जाते.
५. अंग तापलंय, ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा वर.
६. अंग गार पडलंय, ३५.५ अंश सेल्सिअस म्हणजे साधारण ९६ फॅरनहाइटच्या खाली.
७. हलवलं, टिचकी मारली तरच हलतं, किंवा हलतच नाही.

यातलं एकही दिसलं तर त्याच तासाला निघायचं. रात्रीचे दोन वाजलेले असोत की दारात मांडव असो. जाताना बाळाला आईच्या अंगाशी धरून उबेत न्यायचं, आणि पीत असेल तर वाटेत पाजत. बेंबीभोवती लाली पसरली, पू आला, तळहात-तळपाय पिवळे दिसले, तरीही दाखवायचं. कपाळाला हात लावून ताप बघणं बंद करा, एक डिजिटल थर्मामीटर घरात ठेवा. बाळंतविड्यात दहा अंगडी-टोपडी देण्यापेक्षा तो द्या.

आणखी एक अडचण आहे, तिचं मूळ आपल्याच रीतीत आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. माहेरच्यांना वाटतं, बाळ त्यांच्या घरचं, आपण परस्पर दवाखान्यात घातलं आणि काही झालं तर दोष आपल्यावर. सासरच्यांना वाटतं, आम्ही लांब आहोत, फोनवर काय सांगणार, आल्यावर बघू. दोन घरांच्या मानापमानात बाळाचे तास जातात. यावर मला एकच तोडगा दिसतो. डोहाळजेवणाच्या वेळीच दोन्ही व्याह्यांनी बसून ठरवावं, की बाळ ज्या घरात असेल त्या घरानं निर्णय घ्यायचा, विचारायचं नाही, निघाल्यावर कळवायचं. आणि बाळाची आई म्हणाली, "काहीतरी बिघडलंय," तर ते शेवटचं. चोवीस तास त्या बाळाला छातीशी धरणारी तीच असते. तिचं वय बावीस असलं तरी त्या एका विषयात तीच घरातली सगळ्यात जाणती.

खर्चाचं म्हणाल तर भीती खोटी नाही. काचेच्या पेटीत ठेवायचे दिवसाला किती लागतात, हे आपण ऐकून आहोत. पण लवकर नेलेल्या बाळाचा खर्च उशिरा नेलेल्यापेक्षा कमीच असतो. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं, नेआण मोफत, ही केंद्राची योजना २०११ पासून आहे. सिव्हिलमध्ये नवजात बाळांचा वेगळा विभाग असतो. १०८ ची गाडी असते. सिव्हिल म्हटलं की आपण नाक मुरडतो, पण बाळ अत्यवस्थ असताना नाक मुरडायची वेळ नसते. आणि डॉक्टरांनी तपासून "काही नाही, घरी जा" म्हटलं तर पैसे फुकट गेले म्हणू नका.

आशाताईंनाही घरात घ्या. बाळ दवाखान्यात जन्मलेलं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्यांनी घरी येऊन बघायचं, अशी व्यवस्था आहे. "आमचा डॉक्टर आहे" म्हणून सुशिक्षित घरं त्यांना दारातूनच परत पाठवतात. त्या श्वास मोजतात, वजन घेतात. आपला डॉक्टर चौदाव्या दिवशी घरी येतो काय? आपल्याकडं आणखी एक गोष्ट होते. गरोदरपणात मिळणारं ताई कार्ड कन्नडमध्ये असतं. कन्नडमध्ये 'तायी' म्हणजे आई, आपण त्याची ताई केली. आपल्या पिढीतल्या बऱ्याच आज्यांना आणि महाराष्ट्रातून आलेल्या सुनांना ते वाचता येत नाही, म्हणून ते कपाटात पडून राहतं. भाषेचा वाद ज्यानं त्यानं आपल्या जागी करावा, मीही करतो. पण बाळाच्या बाबतीत शेजारच्या कन्नड वहिनींकडून ते कार्ड वाचून घ्यायला लाजायचं कारण नाही.

"आम्ही सगळे असेच वाढलो, आम्हाला काय झालं?" हे उत्तर येणार, मला ठाऊक आहे. आयुष्यभर बँकेत वह्या बघितल्या, म्हणून सांगतो. बंद पडलेली खाती वहीतून काढून टाकली, तर कुठलीही शाखा नफ्यातच दिसते. आपण वाढलो म्हणून हे बोलायला आहोत. आजीची चार बोलायला नाहीत.

पाचवी करा, सहावीही करा. कोरा कागद आणि लेखणीही ठेवा. त्या रात्री घरातलं कुणीतरी जागतंच, तर त्यानं पत्ते खेळण्यापेक्षा बाळाजवळ बसावं, दर दोन-तीन तासांनी ते पितंय ना बघावं, श्वास मोजावा. बारसं पुढं ढकललं तर आचाऱ्याचे पैसे जातील, जाऊ देत.

वरची सात लक्षणं मोठ्या अक्षरात कागदावर लिहून बाळंतिणीच्या खोलीत लावा. ही पोस्ट पुढं पाठवायची असेल तर माझं नाव काढून टाका, पण ती सात ओळी ठेवा. आणि एक विनंती. तुमच्या आजीला किती मुलं झाली आणि किती जगली, ठाऊक असेल तर खाली लिहा. आठवणी लिहायच्याच आहेत तर दोन्ही आकडे लिहूया.